पिंपाखालची टर्की

३ तारीख, सोमवार

गॅसवाला आला, ओव्हनच्या मागे वाकला, दोनदा हुंगलं आणि नळीच काढून टाकली. "नवा भाग येईपर्यंत पेटवायचा नाही." कधी येईल? "तीन आठवडे. नाही तर चार." म्हणजे त्यालाही ठाऊक नाही. पुढची दोन तोंडांची शेगडी तेवढी ठेवली. तिच्यावर चहा होतो, सूप होतं, बटाटे उकडतात. संपलं.

आणि तेवीस तारखेला भेटीचा दिवस! आमच्या या म्हाताऱ्यांच्या घरात चौदा जण राहतात. त्यांची पोरंबाळं वर्षातून एकदा सगळी मिळून इथे जेवायला येतात. कोंबड्यांच्या फार्मचा मालक, त्याची आई आमच्याकडे असते, तो दरवर्षी एक आख्खी टर्की पाठवतो. यंदाही आली. सात किलो. फ्रीजरमध्ये धोंड्यासारखी पडलीय.

मागच्या वर्षीची मीच केली होती. नऊ जण आजारी पडले, त्यातले दोघं दवाखान्यात. चार तास ओव्हनमध्ये ठेवली होती, भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून. तरी हाडाजवळ कच्ची निघाली. कशी, ते अजून कळलेलं नाही. वर्षभर डोक्यात तेच दळण. कोणी गेलं नाही एवढंच नशीब. तेव्हापासून आमच्या व्यवस्थापक मॅडम मला मांसाला हात लावू देत नाहीत. अंडं उकडलं तरी डोकावून बघतात.

आज त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, "मालकांना नाही म्हणता येत नाही, आपलं छप्पर त्यांनी घालून दिलंय. यंदाचं जेवण तुम्हीच करा. नीट झालं तर स्वयंपाकघर तुमचं. नाही तर एक तारखेपासून बाहेरचा कंत्राटदार." सरळ सांगितलं ते बरं केलं. गोडगोड बोलणाऱ्यांपेक्षा परवडलं. पण माझं वय त्रेपन्न आणि शाळा चौथीपर्यंत. इथून निघाले तर कुठे जाऊ? दुसरीकडे विचारतील, आधीची जागा का सोडली. काय सांगणार, नऊ जणांना आडवं केलं म्हणून?

ही वही मॅडमनी फ्रीजची गार-गरम लिहायला दिलीय. पुढून त्यांचे आकडे. मागून माझी.

४ तारीख, मंगळवार

चहाचं आधण ठेवून दूध आणायला मागे गेले. आले तर शेगडी बंद. बंबवाले काका, दुसरं कोण. आयुष्यभर आगीच्या बंबावर नोकरी केली, आता बाकी सगळं विसरायला लागलेत, तेवढं मात्र विसरत नाहीत. काही पेटलेलं दिसलं आणि जवळ माणूस नसलं की जाऊन बंद करतात. इस्त्री, हीटर, मेणबत्ती. माझ्या चहाखालचा जाळ तर आठवड्यातून तीनदा विझवतात.

"आगीजवळ माणूस असेल तर ती चूल. नसेल तर ती आग," म्हणे.

काका, दोन मिनिटं गेले होते.

"दोन मिनिटं पुरतात, बाई."

मग तिथेच उभे. "तुमच्याशी एक बोलायचं होतं."

नंतर, म्हटलं. चौदा माणसं चहाला ताटकळलीत, मध्ये मध्ये करू नका.

५ तारीख, बुधवार

बेकरीवाल्याला विचारून आले, रविवारी तुझी भट्टी दे. म्हणाला, रविवारी भट्टी विझलेली असते, एका पक्ष्यासाठी पेटवणार नाही. आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या पावात उंदीर सोडणार आहे. बातमी गावभर फिरलीय, त्याच्याकडे का नाही पोचणार.

तुकडे करून शेगडीवर शिजवले असते. पण मालकाला आख्खीच लागते. आईसमोर उभा राहून स्वतः कापतो, फोटो काढून घेतो.

मग राहिलं अंगण.

६ तारीख, गुरुवार

आमचा गाडीवाला ड्रायव्हर मोबाईल नाचवत आला. "वहिनी, सोपं आहे! मोठं पातेलं, वीस लिटर तेल, आख्खी टर्की आत सोडायची. पाऊण तासात खेळ खलास."

बंबवाले काका दारात बसून मोजे घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळ नाही, घर खलास. पक्षी आतून थोडा जरी गोठलेला असला, ओला असला, की तेल उसळून बाहेर येतं. खाली जाळ. मग बंब बोलवा. मी असा गेलोय एकदा. गॅरेज गेलं, दोन गाड्या गेल्या, पाहुण्यांच्या भुवया गेल्या."

"पक्ष्याचं काय झालं?" ड्रायव्हर.

"पक्षी आतून कच्चा होता."

तेल रद्द. म्हातारा बोलला तर कामाचं बोलतो, हे मान्य करायला हवं.

९ तारीख, रविवार

ड्रायव्हरची दुसरी अक्कल: खड्डा. जमिनीत पुरायचं, वर निखारे, वर माती, आणि आपण निवांत. त्याने मागच्या कुंपणाजवळ कमरेएवढा खड्डा खणला. तळाला घालायला ओढ्यातले गोल गोल दगड आणले. काकांनी काठीने एकेक बाहेर काढला. "आत पाणी असतं त्यांच्या. तापले की फुटतात, बॉम्बसारखे. विटा घाला, सुक्या." विटा घातल्या.

टर्कीवर प्रयोग करायला मी वेडी नाही. एक कोंबडी आणली, पत्र्याच्या डब्यात बंद करून पुरली. दोन तासांनी काढली. वास असा की कुंपणापलीकडचा कुत्राही उभा राहिला. मॅडमनी नवा तापमापक आणून दिलाय, टोकदार सळीचा, मांसात खुपसायचा. चौऱ्याहत्तर आलं की शिजलं, तेवढं मला पाठ. खुपसला. एकशे एकेचाळीस!

जवळजवळ दुप्पट. मी खूश. एक तंगडी मोडून ड्रायव्हरच्या हातात दिली. तो आ वासून उभाच होता.

तेवढ्यात आमची नर्स औषधाचा ट्रे घेऊन चालली होती. पोरगी वाकली, तापमापक बघितला आणि ड्रायव्हरच्या तोंडातून तंगडी ओढली. खरंच ओढली!

"मावशी, ही दुसरी मोजणी आहे. ताप मोजतो ना, शंभरच्या वर गेला की ताप, ती. तुमचं चौऱ्याहत्तर वेगळ्या मोजणीचं. हे त्यात साठ होतं फक्त."

साठ. म्हणजे कच्ची. सुरीने हाडापर्यंत उघडली, आत गुलाबी पाणी.

बाजूला एक बारकं बटण आहे, ते दाबलं की मोजणी बदलते. खोक्यातून तापमापक काढताना दाबलं गेलं असणार. मी आकडा वाचला, पुढचं अक्षर वाचलं नाही. इंग्रजी अक्षर वाचायची सवय कुठली मला.

कोंबडी फेकून दिली. हात कोपरापर्यंत धुतले आणि मागच्या पायरीवर बसून राहिले. एवढंसं बटण, आणि परत तेच झालं असतं. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, मी वाचलो की हो." हसत होता गाढव. मला हसू येईना.

१० तारीख, सोमवार

नर्सने बटणावर पांढरी पट्टी चिकटवली. वर पेनाने चौऱ्याहत्तर लिहिलं. मग दोघींनी बर्फाच्या पाण्यात तापमापक धरला, शून्य आलं. उकळत्या पाण्यात धरला, शंभर आलं. म्हणजे यंत्र खरं आहे, बाईच चुकली होती.

खड्डा बुजवला. आत काय चाललंय दिसत नाही, उघडलं की सगळी ऊब निघून जाते. मला दिसलं पाहिजे.

बंबवाले काका खड्ड्याशी उभे. "बाई, ते बोलायचं होतं—"

काका, हातात फावडं आहे माझ्या. नंतर.

१२ तारीख, बुधवार

ड्रायव्हरची तिसरी अक्कल आणि पहिल्यांदाच बरी. लोखंडी सळीवर पक्षी उभा करायचा, वरून पिंप पालथं घालायचं, पिंपाच्या डोक्यावर आणि भोवती निखारे. पिंपाचाच ओव्हन! त्याने बाजारातून कचऱ्याचं नवं कोरं पिंपही आणलं, चांदीसारखं चकचकीत.

संध्याकाळी ते घेऊन भावाच्या वर्कशॉपवर गेले. धाकटा भाऊ माझा, वेल्डर आहे. सळीला खाली पाय जोडून हवे होते. त्याने पिंपावर बोटाने टक टक केलं आणि म्हणाला, "ताई, हे पेटवायचं नाही."

का?

"जस्ताचा मुलामा आहे यावर. तापला की त्याचा विषारी धूर होतो. विसरलीस? कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात मी असल्या पत्र्यावर वेल्डिंग करून आलो होतो. दोन दिवस हुडहुडी भरली होती. तूच तर चार चादरी घातल्या होत्यास अंगावर."

आठवलं. दात वाजत होते त्याचे. आई म्हणत होती नजर लागली.

म्हणजे चौदा म्हाताऱ्यांना मी या वेळी धुराने आडवं करणार होते. दरवेळी नवी तऱ्हा!

भाऊ म्हणाला, "तोंड काय पाडतेस, आपल्याकडे काळा पत्रा आहे की. बिनमुलाम्याचा. परवा घेऊन जा." मग म्हणाला, "पण पैसे नको. एक तंगडी पाठव. शिजलेली."

त्याला कोंबडीचं कोणी सांगितलं देव जाणे. ड्रायव्हरच्या तोंडाला झाकण बसवून घ्यायला हवं होतं त्याच्याकडून.

१५ तारीख, शनिवार

पिंप आलं. काळं, ठोकळ, वर उचलायला दोन कड्या, बाजूला झाकणाचं एक भोक. त्या भोकातून तापमापकाची सळी आत जाते, पिंप न उचलता! हे माझ्या डोक्यात नव्हतं, भावाच्या होतं. चौथी मी, सहावी तो. दोन यत्तांचा फरक पडतो.

नुसतंच दोन तास तापवलं, आतला तेलकटपणा जळू दिला, मग घासून घासून माझी बोटं काळी.

१६ तारीख, रविवार

पिंपात कोंबडी. सत्तर मिनिटं. मांडीत ब्याऐंशी, छातीत एकोणऐंशी. अक्षरही वाचलं, दोनदा. नर्सला हाक मारली, तिनेही वाचलं. कापली. पाणी स्वच्छ, हाड कोरडं.

ड्रायव्हरने अर्धी एकट्याने खाल्ली. मॅडमनी एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, मान हलवली. एवढंच. माझ्यासाठी पुष्कळ.

मास्तरीणबाईंना एक काप नेऊन दिला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. मागच्या वर्षी नऊ आजाऱ्यांत त्या होत्या, तेव्हापासून माझ्या हातचं काही खात नाहीत. मॅडमनी त्यांच्यापुरतं बाहेरून मागवून दिलंय. ताटलीकडे बघितलंही नाही.

"एकदा नापास झालेल्याला मी लगेच वरच्या वर्गात घालत नाही," म्हणाल्या.

म्हटलं, बाई, मी तर खालच्याच वर्गातून शाळा सोडली.

हसल्या नाहीत. पण चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा.

१९ तारीख, बुधवार

सकाळी सातला टर्की फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोल परातीत. पाणी गळून दुसऱ्या कशावर पडायला नको. चार दिवस बर्फ सुटायला. ड्रायव्हर म्हणाला बाहेर ठेवा, एका रात्रीत सुटेल. म्हटलं, वरून सुटेल, सडेल, आणि आत बर्फच राहील. तू गाडी चालव.

मागच्या वर्षीही फ्रीजमध्येच सोडवली होती. सगळं नीटच केलं होतं. मसाला चोळला, ओव्हन तापवला, आत घातली. मग तासभर पुढे टेबलं मांडायला गेले, परत येऊन बघितलं तर वरून छान रंग धरत होता. चार तास पूर्ण. कुठे चुकलं? आजपर्यंत बोट ठेवता आलं नाही. तेच भ्या आहे. चूक कळली असती तर टाळता आली असती.

२१ तारीख, शुक्रवार

निखारे पेटवायचे तर जागा हवी. काका स्वतः अंगणात फिरले, काठीने मापं घेतली. भिंतीपासून दहा पावलं, झाडाखाली नको, वाळलेलं गवत उपटा, वारा कुठून येतो बघा. वाळूच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन. त्यांची पाठ इतकी सरळ मी कधी बघितली नव्हती.

मला एक सुचलं. काकांना म्हटलं, रविवारी तुम्ही माझ्या पिंपापाशी बसा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला दहा कामं असतील, मी आतबाहेर करणार. आगीजवळ माणूस पाहिजे ना? तुम्ही माणूस.

संध्याकाळी नर्स सांगत आली की काकांनी जुन्या बुटांना पॉलिश मागितलं.

२२ तारीख, शनिवार

फ्रीज तीन अंश. टर्की पोटात हात घालून बघितली, बर्फ नाही. धुतली नाही, नर्सने बजावलंय, शिंतोडे सगळीकडे उडतात. कागदाने टिपून कोरडी केली. पोटात भरण काही घालायचं नाही, ते मध्ये कच्चं राहतं. कच्च्याची सुरी लाल दांड्याची, शिजलेल्याची काळ्या. हात धुतले. किती वेळा धुतले ते मोजलं नाही.

झोप येणार नाही असं वाटतंय. पाय तर आत्ताच दुखतायत.

२३ तारीख, रविवार

झालं! सगळं लिहिते, पाय गरम पाण्यात आहेत आणि वही मांडीवर.

झोप लागली होती हो. मेल्यासारखी झोपले.

नऊला निखारे, दहाला टर्की सळीवर, वर पिंप. बंबवाले काका पॉलिश केलेल्या बुटांत, खुर्चीवर, मांडीवर काठी आडवी. भोवती दोरी लावून घेतली त्यांनी. दोरीच्या आत मी सोडून कोणी नाही. मॅडम बघायला आल्या तर त्यांनाही काठी आडवी.

"अहो, मी इथली व्यवस्थापक आहे."

"म्हणूनच दोरीबाहेर. तुम्हाला काही झालं तर आमच्या गोळ्या कोण मागवणार?"

मॅडम दोरीबाहेर.

अकरा वाजता वारा सुटला. पिंपाची एक बाजू गार पडायला लागली. ड्रायव्हरने दोन टेबलं आडवी करून आडोसा केला, काकांनी मापून मागे सरकवली. बाराला पाहुणे आले. फार्मचा मालक कडक इस्त्रीत, हातात स्वतःची सुरी. साडेबाराला भोकातून सळी घातली. त्रेसष्ट.

जेवण एकचं ठरलेलं. मॅडम दोरीपाशी आल्या, कुजबुजत म्हणाल्या, "अडीच तास झाले. वेळ तर झालीय ना?"

सगळी माणसं खिडकीतून बघतायत. म्हटलं, मॅडम, घड्याळाने मी मागच्या वर्षी शिजवली होती.

त्या वळल्या. मग आत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पाहुण्यांना सूप आणि पाव दिले, कोणी कुरकुर केली नाही. मालक मात्र बाहेर आला. "बाई, भूक लागलीय की सगळ्यांना."

काका म्हणाले, "भुकेने अजून कोणी दवाखान्यात गेलेलं नाही या घरातून."

मी भावाला मनात हात जोडले त्या भोकासाठी. पिंप उचलून बघत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. नवे निखारे घातले. एकला अडुसष्ट. सव्वाला बहात्तर. उचलायचा मोह झाला, दोनाने काय होतंय! नाही उचललं. पंचवीस मिनिटांनी पिंप काढलं आणि तीन ठिकाणी खुपसलं. मांडीत एकोणऐंशी. छातीत शहात्तर. पंखाच्या सांध्यात सत्त्याहत्तर. अक्षर वाचलं. नर्सने वाचलं. तिने मला कडकडून मिठी मारली, काळ्या हातांसकट. पोरीचा पांढरा ड्रेस गेला कामातून.

वीस मिनिटं झाकून ठेवली, मग मालकाने कापली. पाणी स्वच्छ. कातडी अशी कुरकुरीत की सुरीचा आवाज झाला. फोटो निघाला. त्याची आई म्हणाली, "आधी जेवू दे रे, फोटो काय खायचा आहे?"

मग मास्तरीणबाई उठल्या. वॉकर ढकलत माझ्यापर्यंत आल्या.

"ते यंत्र दाखव बघू."

दिलं. चष्मा लावला, पट्टी वाचली, अक्षर वाचलं, स्वतः एका कापात खुपसून बघितलं. मग ताटली पुढे केली. दोन काप घेतले. बसून शांतपणे खाल्ले, शेवटपर्यंत.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या.

वर्षभर हे ऐकायला थांबले होते मी.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भावाची तंगडी वेगळ्या डब्यात.

काका साडेचारपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटच्या निखाऱ्यावर पाणी ओतलं, हाताने चाचपून बघितलं, मगच आत गेले. ताट तिथेच नेऊन दिलं होतं मी त्यांना.

२४ तारीख, सोमवार

जीव अजून भांड्यात पडलेला नाही. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं होतं.

आठ वाजता: कोणी नाही. अकराला: कोणी नाही. दोनला खालच्या खोलीतून ओकल्याचा आवाज. पळत गेले. मालकाची आई गुळण्या करत होती. हसायला लागली मला बघून. मीही हसले, पण भिंत धरून.

२५ तारीख, मंगळवार

कोणी नाही. नर्सने चौदा खोल्या दोनदा फिरून बघितल्या. पाहुण्यांच्या घरीही फोन लावून झाले. एकाचं पोट दुखतंय, पण त्याने तीनदा वाढून घेतलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

मॅडमनी मोठ्या फ्रीजची किल्ली टेबलावर ठेवली. "कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलंय." एवढं बोलून कागदांत डोकं घातलं. मग वर न बघता, "चांगलं केलंत. थांबलात ते."

किल्ली कमरेला. जड लागते. छान जड.

मास्तरीणबाईंनी दुपारी माझ्या हातचं सूप मागितलं. मीठ त्यांनीच घातलं.

२८ तारीख, शुक्रवार

ओव्हनचा भाग आला. गॅसवाल्याने लावला, पेटवून दाखवला. बंबवाले काका दारात. "बाई, तुमच्याशी एक बोलायचं होतं." आज माझ्या हातात काही नव्हतं. म्हटलं, बसा, बोला.

"मागच्या वर्षी मी नवा आलो होतो. तुम्ही पुढे टेबलं मांडत होता. आत हा पेटलेला, जवळ माणूस नाही. मी बंद केला. तासाभराने वास आला, आत जेवण आहे कळलं, मग परत लावला. तेव्हाच सांगायला आलो होतो तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मध्ये मध्ये करू नका."

आणि मग स्वतःही दोन काप खाऊन अकरा दिवस दवाखान्यात काढून आले.

बोलायला तोंड उघडलं. सगळं वर्ष ओठांपर्यंत आलं. त्यांचे बूट अजून चकचकीत होते.

ओव्हनच्या शेजारी एक खुर्ची ठेवलीय. पाठीला उशी बांधून. मॅडमनी विचारलं, ही कोणासाठी? म्हटलं, चुलीला माणूस लागतो.